पावसाळी पापड आणि फळ्यावरची वाढ

दार आतून लावलेलं नव्हतं, तरी उघडत नव्हतं. माझ्या एका हातात चहाची किटली होती. ती खाली ठेवून मी खांदा लावला, तेव्हा दार वीतभर सरकलं आणि फटीतून माझ्या धाकट्या जावेचा हात दिसला. पीठ लागलेला हात, बोटं अर्धवट मिटलेली. ती दाराला लागूनच पडली होती. तिला दारापर्यंत येता आलं होतं, ते उघडता आलं नव्हतं.

मी ओरडले. पुढच्या भागात लाटायला बसलेल्या बायका धावत आल्या. आम्ही सगळ्यांनी मिळून दार ढकललं, आणि दाराबरोबर ती फरशीवरून आत सरकत गेली. असं आपल्या माणसाला ढकलावं लागणं फार वाईट. पण दुसरा रस्ता नव्हता. खिडक्या गोणपाटानं बुजवलेल्या होत्या.

आत धूर नव्हता. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे पुष्कळांनी विचारलं की बायांनो, धूर झाला तर बाहेर का नाही आलात. धूर नव्हता, वासही नव्हता. कोळशाच्या शेगड्या ओळीनं ठेवलेल्या होत्या, निखारे लालभडक फुललेले, आणि वर बाजांवर पापड पसरलेले. भिंतीला पाठ लावून मावशी बसल्या होत्या. मान एका खांद्यावर. गाल लाल झालेले, तापातल्या पोरीसारखे. आमच्यातली एक म्हणाली, "मावशींचा डोळा लागलाय." मी हात लावला आणि मला कळलं.

जावेला मी काखेत हात घालून ओढत अंगणात आणलं. रिपरिप पाऊस होता. तिच्या तोंडावर पाऊस पडत होता आणि ती पापणी हलवत नव्हती. नाकाशी बोट धरलं तर श्वास होता, अगदी बारीक. तेवढ्यात मॅनेजर ऑफिसातून बाहेर आला. त्यानं एकदा आमच्याकडे पाहिलं, एकदा उघड्या दारातून आत पाहिलं आणि म्हणाला, "आधी शेगड्या बाहेर घ्या कुणीतरी. पापड करपतील."

हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही. मी तिथे होते, आणि माझे कान तेव्हा चांगले होते.

हा पापडाचा कारखाना उल्हासनगरात एका जुन्या बराकीत होता. निर्वासित आले तेव्हा ज्या लांबच लांब बराकींत त्यांना उतरवलं, त्यातलीच एक. पुढे सेठचं घर, मागे कारखाना, त्याच्यामागे फरशी घातलेलं अंगण. सेठ सिंधी, म्हातारा, मोतीबिंदूनं एक डोळा पांढरा झालेला. आम्हां सगळ्यांना तो 'अदी' म्हणायचा. त्यांच्यात ताईला अदी म्हणतात. बाई साठीची असो की सोळाची, अदीच. मजुरी द्यायला चिकट होता, पण तोंड घाण नव्हतं.

माझं शिक्षण चौथी. आम्ही बौद्ध. नवरा आणि दीर दोघंही अंबरनाथला एका कारखान्यात होते. तो कारखाना अर्धा वेळ बंद आणि अर्धा वेळ बंद पडण्याच्या बेतात, म्हणून आम्ही दोघी जावा पापडाला लागलो. पापडाच्या पिठाला आमचे हात चालत, पिण्याच्या पाण्याला काहींना चालत नसत. लाटणाऱ्या बायकांत दोघी-तिघी अशा होत्या की मी माठाला हात लावला की त्यांची तहानच मरायची. मावशी तशा नव्हत्या. त्या आगरी, माहेर बदलापूरकडचं जांभूळ, दिलेल्या शहाडला. पहिल्याच आठवड्यात त्या माझ्या तांब्यातलं पाणी घटाघटा प्यायल्या आणि त्यांनी त्या दोघी-तिघींना ऐकवलं, "काय बगताव गो? पानी हाय, इख नाय." तेव्हापासून माझी जाऊ मावशींच्या शेजारची जागा सोडत नसे. तिला आई नव्हती. मावशींना मुलगी नव्हती. दोघी दिवसभर एकमेकींना शिव्या देत पापड लाटायच्या.

पापड ही उन्हाची वस्तू आहे. हे समजायला शाळा लागत नाही. थंडी सरली की ऊन तापायला लागतं, तेव्हापासून पाऊस येईपर्यंत आम्ही मरमर लाटायचो. अंगणात बाजांवर चादरी टाकून त्यावर पापड. सकाळी घातलेले दुपारी उचलायचे. सेठ त्या दिवसांत पावसाळ्याचाही माल करून ठेवायचा, पत्र्याच्या डब्यांत भरून. पाऊस लागला की लाटणं जवळजवळ बंद. मग आम्ही डाळ निवडायचो, मिरी पाखडायचो, डब्यांतला माल पाकिटांत भरायचो. कुणाची लग्नाची वगैरे अडलेली ऑर्डर आली तर मागच्या खोलीत दोन शेगड्या पेटवून थोडेसे वाळवायचे. दार सताड उघडं ठेवायचं आणि उंबऱ्यात एक बाज आडवी टाकायची, म्हणजे कुणी चुकूनसुद्धा दार लोटू नये. ती बाज तिथे का असते हे कुणी आम्हांला सांगितलं नव्हतं. सेठच्या बायकोच्या वेळेपासून ती तशी असायची. दसऱ्याला पुन्हा ऊन, पुन्हा लाटणी. वर्षानुवर्षं हे असं चाललं होतं आणि त्यात कुणाला काही चुकल्यासारखं वाटत नव्हतं.

मग मॅनेजर आला. ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. सेठला अंबरनाथला मोठी शेड घ्यायची होती, यंत्रं बसवायची होती, त्यासाठी बँकेचं कर्ज हवं होतं. बँकेशी इंग्रजीत बोलायला शिकलेला माणूस पाहिजे म्हणून त्यानं बदलापूर गावातला एक बी.कॉम. झालेला मराठी माणूस ठेवला. चांगल्या घरचा, नीट भांग पाडणारा. आम्हांला आनंदच झाला. आपल्या भाषेत बोलणारा माणूस आला, असं वाटलं. आम्ही त्याला भाऊ म्हणायचो.

त्यानं पहिल्या आठवड्यात भिंतीवर एक काळा फळा लावला. शाळेत असायचा तसा. त्यावर चार रकाने आखले आणि आम्हांला समोर बसवून सांगितलं, की आजपासून आपण तिमाही पाहायची.

तिमाही म्हणजे मला वाटलं परीक्षा. शाळेत सहामाही असायची, वार्षिक असायची. मी तसं म्हणाले तर तो हसला.

"परीक्षाच आहे, ताई. फक्त तुमची नाही, धंद्याची. वर्षाचे चार तुकडे करायचे. तीन महिन्यांचा एक. मागच्या तीन महिन्यांत किती माल झाला, या तीन महिन्यांत किती झाला, ते बघायचं. मागे दहा झाला आणि आता पंधरा झाला, तर वाढ किती?"

"पाच," मी म्हणाले.

"पाच नाही. पन्नास टक्के. दहावर पाच वाढले, म्हणजे शंभरावर पन्नास."

शेकडा आम्हांला समजत होता, पापड आम्ही शेकड्यानंच मोजायचो. त्यामुळे हे डोक्यात शिरलं. त्यात खोटं काहीच नाही, हे मी आजही सांगते. हिशोब बरोबर होता. माणूस सडका होता.

जानेवारी ते मार्च थंडीचे दिवस, ऊन कोवळं. एप्रिल ते जून, पाऊस लागेपर्यंत, भट्टीसारखं ऊन. साहजिकच जूनच्या शेवटी फळ्यावर भली मोठी वाढ दिसली. मॅनेजरनं पेढे वाटले. दोन पेढे प्रत्येकीला. सेठसमोर तो अशा ऐटीत उभा राहिला, जणू त्यानंच वर चढून सूर्य तापवला होता.

आणि मग त्यानं खडूनं पुढच्या रकान्यात एक रेघ मारली. जुलै ते सप्टेंबर. रेघ एप्रिल-जूनच्याही वर.

माझी जाऊ तोंडाची फटकळ. ती म्हणाली, "भाऊ, बाईचं पोट नऊ महिने वाढतं आणि दहाव्यात खाली येतं. त्याला तुम्ही घट म्हणणार का?"

सगळ्याजणी खिदळल्या. मावशींनी तिच्या पाठीत धपाटा घातला, "आगो, लाज हाय का तुना?" आणि स्वतःच पदरात तोंड घालून हसत बसल्या. मॅनेजरचे कान लाल झाले. तो म्हणाला, "वहिनी, हे बँकेला कळत नाही. बँक फक्त वर जाणारी रेघ बघते."

सेठ बाजेवर बसून ऐकत होता. तो म्हणाला, "अरे भाई, बरसात को गर्मी से क्यों मिलाता है? बरसात को पिछली बरसात से मिला. पापड को फळा पढना नहीं आता."

हे एवढंच खरं शहाणपण त्या खोलीत बोललं गेलं. पण सेठनं ते धरून ठेवलं नाही. मॅनेजर त्याच्या कानाशी इंग्रजीत काहीतरी बोलला, शेड, लोन, असे शब्द आले, आणि म्हाताऱ्यानं हात झटकला. "तू पढा है. देख ले." झालं. ज्याला कळत होतं त्यानं न कळणाऱ्याच्या हातात सोडून दिलं, का तर तो शिकलेला. मला सेठचा राग कमी आणि किळस जास्त येते. त्याला माहीत होतं.

जुलै लागला. मागच्या खोलीत दोनाच्या चार शेगड्या झाल्या, मग आणखी. लोणारी कोळशाच्या गोण्या येऊन पडल्या. पण उघड्या दारातून ओला वारा यायचा आणि अर्धे वाळलेले पापड पुन्हा मऊ पडायचे. मॅनेजर दारात उभा राहून एक पापड वाकवून बघायचा, तो न मोडता वाकायचा, आणि याचं तोंड वाकडं व्हायचं. एक दिवस त्यानं उंबऱ्यातली बाज उचलून आत नेली. जागा अडते म्हणाला. दार लोटून घेतलं. मग खिडक्यांच्या फटींत गोणपाट कोंबलं. पापड कडक वाळू लागले. तो खूष.

आणि आत काम करणाऱ्या बायकांची डोकी दुखू लागली.

इथे आम्ही सगळ्यांनी जी समजूत करून घेतली ती पापडवाल्या बायकाच करून घेऊ शकतात. सिंधी पापडात मिरी फार. ती कुटताना, पिठात मळताना तिचा झणका नाकात चढतो. नवी बाई कामाला लागली की पहिले काही आठवडे तिचं डोकं ठणकतं, मळमळतं, कधी ओकारी होते. आम्ही तिला म्हणायचो, मिरी चढली. लिंबाची फोड चोखायला द्यायची, डोक्याला फडकं घट्ट बांधायचं. हळूहळू सवय होते. प्रत्येकीला ते होऊन गेलेलं होतं. तेव्हा बंद खोलीतून एखादी डोकं धरून बाहेर आली, की जुन्या बायका म्हणायच्या, मिरी चढली, आणि लिंबू पुढे करायच्या. घरी गेलं की डोकं उतरायचं, त्यामुळे तर खात्रीच पटली. मिरीचंही तसंच असतं.

मॅनेजरला तर हे आयतंच सापडलं. कुणी तक्रार केली की तो मोठ्यानं विचारायचा, "काय, मिरी चढली का?" आणि शिपायाला लिंबू आणायला पाठवायचा. पिशवीभर लिंबं त्या खोलीच्या कोनाड्यात ठेवलेली असायची. मावशी गेल्या तेव्हाही त्यांच्या मांडीवर चोखलेली फोड होती.

मावशींची नजर चांगली नव्हती, लाटताना पापड जाड-पातळ व्हायचे, म्हणून त्यांना वाळवणीवर घातलं होतं. माझी जाऊ स्वतःहून त्यांच्याबरोबर गेली. मी म्हणाले, "तू लाट की. तुझा हात किती चालतो." ती म्हणाली, "म्हातारी एकटी शेगड्या उचलेल का? कंबर मोडून घेईल आणि मग माझ्याच नावानं शंख करेल."

गणपतीचे दिवस होते. बाहेर लाऊडस्पीकर लागलेले. फळ्यावरचा आकडा रेघेच्या कितीतरी खाली होता, आणि मॅनेजर दर संध्याकाळी फळ्याजवळ उभा राहून आमच्याकडे असा बघायचा, जणू पाऊस आम्हीच पाडत होतो. त्या दिवशी त्यानं सगळ्या शेगड्या एकदम पेटवायला लावल्या. दुपारी मी चहा घेऊन गेले. पुढचं वर लिहिलं आहे.

हातगाडीवर घालून दोघींना सरकारी दवाखान्यात नेलं. मावशींना नेण्यात अर्थ नव्हता, पण त्यांना मागे टाकून जायला कुणी तयार नव्हतं. रस्त्यात जावेनं एकदा ओकारी केली, माझ्या मांडीवर. मला इतकं बरं वाटलं की मी ती पुसलीसुद्धा नाही. मेलेलं माणूस ओकत नाही.

डॉक्टर तरुण होता, चिडका. त्यानं विचारलं, "कोळसा? बंद खोलीत? कुणाची अक्कल ही? त्याचा विषारी वायू दिसत नाही, वासही येत नाही." मी फळ्याचं सांगायला लागले तर तो म्हणाला, "फळा काय सांगता बाई, खिडकी का बंद होती ते सांगा." मला ते दोन वेगळे करून सांगता येईनात. त्यानं ऑक्सिजनची नळी लावली आणि म्हणाला, जगेल बहुतेक, पण डोक्यावर परिणाम राहील की नाही ते आत्ता सांगता येत नाही.

संध्याकाळी मी आमचे डबे आणि मावशींच्या चपला आणायला कारखान्यात गेले. पोलीस अजून यायचे होते. मॅनेजर दोन हमालांकडून मागच्या खोलीतल्या बाजा रिकाम्या करून घेत होता. पापड एकावर एक रचून डब्यांत जात होते. ज्या बाजेशेजारी मावशी बसल्या होत्या, तिच्यावरचेही. मी दारात उभी राहिले. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "पंचनामा झाला की खोलीला सील लागेल, ताई. माल अडकून पडेल." मग हमालाला म्हणाला, "नीट मोज, आजच्यात धर."

ते पापड विकले गेले. कुणाच्या तरी पानात गेले असतील. त्यानंतर मी कधीही विकतचा पापड खाल्लेला नाही, आणि घरी लाटलेलाही नाही.

पोलिसांनी अपघात लिहिला. कारखान्याला सील लागलं ते दसऱ्यापर्यंत. मावशींच्या मुलाला सेठनं काहीतरी दिलं, किती ते मला माहीत नाही आणि मी विचारलं नाही.

जाऊ शुद्धीवर आली. घरी आली, चार घास खाऊ लागली, चालू लागली. दीर म्हणाला, "देवाची कृपा." आम्ही देव मानत नाही, पण तेव्हा कुणी त्याला टोकलं नाही. सगळं बरं दिसत होतं. दिवाळी उलटली आणि मग ते सुरू झालं. आधी तिचे हात थरथरायला लागले. मग ती बोलता बोलता थांबायची. मग एक दिवस जेवताना तिनं विचारलं, "मावशी दिसल्या नाहीत बऱ्याच दिवसांत?"

मी सांगितलं, मावशी गेल्या. ती हमसाहमशी रडली. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं, ती पुन्हा तशीच रडली, पहिल्यांदा ऐकल्यासारखी. मग मात्र मी सांगायचं बंद केलं. "येतील," म्हणायला जीभ वळायची नाही, म्हणून मी विषय बदलायची. डॉक्टर म्हणाला, असं होतं कधी कधी, माणूस आधी सुधारतं आणि मग खाली येतं.

दसऱ्याला सील निघालं तेव्हाच मी परत कामाला गेले होते. कुठे जाणार? अंबरनाथचा कारखाना तोवर पुरता बंद पडला होता. दसऱ्याचं ऊन नेहमीप्रमाणे आलं, आम्ही नेहमीप्रमाणे लाटलं. ना एक पापड जास्त, ना कमी. मागच्या वर्षी त्या दिवसांत होत होते तेवढेच. आणि डिसेंबर संपल्यावर फळ्यावर जी वाढ निघाली ती एप्रिल-जूनपेक्षाही मोठी होती. आजवरची सगळ्यांत मोठी.

मी फळ्यासमोर उभी राहून पुष्कळ वेळ विचार केला. पापड तेवढेच आणि वाढ एवढी? मग माझ्या ध्यानात आलं. दहाचे पाच झाले तर घट पन्नास टक्के. पाचाचे परत दहा झाले तर वाढ शंभर टक्के. कुठेच पोचलो नाही, होतो तिथेच आलो, आणि फळा म्हणतो दुप्पट झालो. मागची तिमाही खड्ड्यात गेली होती, म्हणून ही डोंगरावर दिसत होती. आणि तो खड्डा कशानं पडला? एक बाई मेली आणि कारखान्याला सील लागलं, त्यानं पडला. मावशी मेल्या नसत्या तर ही वाढ एवढी दिसली नसती. हे समजलं तेव्हा मी फळ्याकडे पाठ करून बसले.

संक्रांतीच्या आधी मॅनेजर आमच्या घरी आला. हातात पेढ्यांचा पुडा. जावेला बघायला आलो म्हणाला. ती खाटेवर बसली होती, हात मांडीत दाबून, म्हणजे थरथर दिसू नये. त्यानं पुडा तिच्यापुढे धरला. "घ्या वहिनी, तोंड गोड करा. या तिमाहीत आपण कमाल केली."

तिनं त्याच्याकडे बघितलं, ओळखलं आणि विचारलं, "भाऊ, मावशी येतात का कामाला?"

तो क्षणभरही थांबला नाही. "येतात, येतात," म्हणाला. "तुमची आठवण काढतात."

जावेचं तोंड फुललं. "म्हातारीला म्हणावं, शेगडी एकटीनं उचलू नको."

"सांगतो हं," तो म्हणाला.

मी त्याला दाराबाहेर काढलं. हाताला धरून. तो म्हणत होता, "तिला बरं वाटावं म्हणून म्हटलं ताई, तुम्ही उगाच..." मी दार लावून घेतलं. वळून बघते तर दीर पेढा खात होता. मी त्याच्याकडे बघितलं तसा म्हणाला, "पेढ्यानं काय केलंय?" उरलेले मी नेऊन गटाराशी डुकरांना टाकले. दिराशी दोन दिवस बोलले नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत बँकेचे साहेब कारखाना बघायला आले. चष्मा लावलेले, वयस्क, शांत माणूस. सेठनं मला चहा घेऊन यायला सांगितलं. मी कप ठेवत होते तेव्हा ते फळ्याकडे बघत होते.

"हे काय आहे? पावसाळ्याची तुलना उन्हाळ्याशी का केलीय? हा हंगामी धंदा आहे. यंदाचा पावसाळा मागच्या पावसाळ्याशी लावून बघायचा. आम्ही तसंच बघतो."

सेठनं मान वर केली. मॅनेजर म्हणाला, "सर, आम्हांला वाटलं की बँकेला सलग वाढ..."

"कुणी सांगितलं?"

कुणीच सांगितलं नव्हतं. बँकेनं ती रेघ कधी मागितलीच नव्हती. त्या गोणपाटाला, त्या बंद दाराला काहीही कारण नव्हतं, ते फक्त एका भांग पाडलेल्या डोक्यात आलेलं होतं. साहेबांनी मग शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. "आणि इथे एवढी उडी कशी?"

"मागच्या तिमाहीत थोडा अडथळा आला होता, सर," मॅनेजर म्हणाला.

मी ट्रे हातात घेऊन उभी होते. मी म्हणाले, "साहेब, त्या अडथळ्याला आम्ही मावशी म्हणायचो."

साहेबांनी उचललेला कप परत बशीत ठेवला. मॅनेजर म्हणाला, "ताई, तुम्ही आत जा." मी म्हणाले, "आत कुठे? मागच्या खोलीत?" आणि मग साहेबांनी विचारलं, काय झालं होतं, आणि मी सांगितलं. उभ्या उभ्या सांगितलं. चौथीच्या भाषेत, इकडचं तिकडचं न करता. सेठ जमिनीकडे बघत बसला होता. माझं सांगून झाल्यावर तो एवढंच म्हणाला, "अदी, बस." मी काम सोडलं ते त्याच दिवशी.

याचा काही मोठा परिणाम झाला असं कुणी समजू नये. कर्ज मिळालं. उन्हाळ्याशी उन्हाळा, पावसाळ्याशी पावसाळा, असं लावूनही सेठचा धंदा कर्ज देण्याइतका बरा होताच. आधीही होता. अंबरनाथला शेड झाली, वाळवायची यंत्रं आली, मॅनेजर तिकडे मोठ्या खुर्चीत बसला. पुढे नव्वदच्या दशकात त्यानं बदलापूर गावाबाहेर बंगला बांधला. एकदा बाजारात भेटला तेव्हा ओळख दाखवून म्हणाला, "ताई, बरं चाललंय ना?" मी भाजी घेत होते. मी भाजीच घेत राहिले.

हल्ली नातवाच्या टीव्हीवर बातम्या लागतात. अमुक तिमाहीत देशाची एवढी वाढ. टाय लावलेले लोक हसत बोलत असतात. नातू म्हणतो, "आजी, तुला यातलं काय कळतं?" मला दोनच गोष्टी कळतात. कशाशी लावून वाढ काढली, आणि ज्याच्याशी लावली त्या तीन महिन्यांत काय झालं होतं. पावसाळा उन्हाळ्याशी तर नाही ना लावला? की आधी कुठे खड्डा पडला होता, म्हणून आता उडी दिसतेय? टीव्हीवाले कधी सांगतात, बहुतेक वेळा सांगत नाहीत, आणि मी तिथून उठून जाते.

जावेचे हात पुढे थोडे सुधारले. लाटणं मात्र तिला पुन्हा धरता आलं नाही. काही वर्षांनी मावशींचं विचारणंही थांबलं. मावशी गेल्या हे लक्षात राहिलं म्हणून थांबलं की ती मावशींनाच विसरली म्हणून, ते मी तिला कधी विचारलं नाही.

त्या खोलीत त्या दुपारी दोघी होत्या. मावशी तिथेच गेल्या. माझी धाकटी जाऊ जगली, आज ती माझ्याच घरात आहे. सेठ नंतर म्हातारपणानं गेला. मॅनेजर आहे. मी आहे.